सीटमध्ये की हातात

सकाळी साडेसहाला अक्षतानं सुगतच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला, तेव्हा तो अर्धाच भरलेला होता. दूध संपलं असेल, असं त्याला आधी वाटलं. पण गॅसवरच्या पातेल्यात चहा शिल्लक होता, चांगला कपभर होता, आणि अक्षताच्या स्वतःच्या कपात तर तो काठाला टेकला होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. ह्या बाईनं त्याला कधी अर्धा चहा दिला नव्हता. उलट पाहुणा आला तरी आधी नवऱ्याच्या कपात अंमळ जास्तच ओतायची. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती पाठमोरी उभी राहून डबे भरत होती. नऊला तिला खारघरला पोचायचं असतं, तिथल्या कॉलेजच्या ऑफिसात ती क्लार्क आहे. विचारायला काय हरकत होती? ‘काय गं, आज रेशनिंग आहे का?’ एवढं गमतीनं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सुगतचं एक आहे, नको तो प्रश्न ओठाशी आला की तो गिळतो आणि वर पाणी पितो. दोन घोटांत कप संपला. ‘येतो,’ म्हणून त्यानं किल्ली उचलली. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर तो उगाचच थांबला. हा अर्धा कप आपण आधी कुठेतरी पाहिलाय, असं त्याला वाटत राहिलं, पण कुठे ते आठवेना.

खाली सोसायटीच्या भिंतीला लागून त्याची पिकअप उभी होती. पांढरी, चौदा महिन्यांची, आरशाला निळी रिबन बांधलेली. वीस-बावीस वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्यावर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ही स्वतःची झाली होती. जासईच्या गोदामातून टाइल्सचे बॉक्स उचलायचे आणि खारघरच्या टॉवरांच्या साइटवर पोचवायचे, हे त्याचं काम. माल नाजूक. त्याच्या गाडीतला एकही बॉक्स आजवर फुटला नव्हता, आणि ह्या गोष्टीचा त्याला बाकी कशाहीपेक्षा जास्त अभिमान होता. गोदामवाले म्हणायचे, सुगतच्या हातात गाडी म्हणजे पाण्यात होडी. पण गेला दीड महिना ह्या होडीला काहीतरी झालं होतं. काटा साठावर आला की सगळी गाडी थरथरायची, पंचाहत्तरच्या पुढे गेली की शांत व्हायची. रिबन हलायची, मागे बॉक्स एकमेकांवर वाजायचे. स्टेअरिंग त्याच्या हातात बारीक बारीक कापायचं, विशेषतः उजव्या हातात.

ह्यावर त्यानं काय नाही केलं. चाकांचं बॅलन्सिंग तीनदा केलं. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकले. अलाइनमेंट झाली, इंजिनाखालची रबरं बघून झाली. सर्व्हिस सेंटरमधल्या इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणानं पिकअप फिरवून आणली, टॅबवर काहीतरी टिपलं आणि तो म्हणाला, “सर, थोडं व्हायब्रेशन ह्या मॉडेलमध्ये येतंच. तो गाडीचा नेचर आहे.” म्हणजे स्वभाव. आता माणसाचा स्वभाव बायको चालवून घेते, गाडीचा कोण चालवून घेणार, असं सुगतच्या मनात आलं होतं; तिथे तो फक्त ‘बरं’ म्हणाला. मात्र त्या तरुणाचं आणखी एक वाक्य त्याच्या डोक्यात घुसून बसलं होतं. परत येताना तो तरुण स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवून म्हणाला होता, “मला तर इथे काहीच लागत नाही, सर.” त्या दिवसापासून सुगतला गाडीचा राग यायला लागला, आणि रागाच्या खाली भीती होती. भीती अशी, की गाडीत काहीच निघालं नाही तर? मग हे कोणाचं? ड्रायव्हरच्या हातातच खोट असेल, तर तो ड्रायव्हर कसला? बावीस वर्षांत दुसरं काही शिकलो नाही, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी कोण शिकवणार? इथवर विचार आला की तो मोबाइलवर टायरच्या दुकानाचा नंबर शोधायचा.

ह्या गाडीच्या खोड्याही कमी नव्हत्या. कधी सिग्नलला उभी असताना इंजिन आपोआप मोठ्यानं बोलायला लागायचं, पंखा घोंघावायचा, जळका वास यायचा. सुगतनं जुन्या गाड्यांवर हात बसवलेला. तिथे असा वास आला म्हणजे काहीतरी पेटायच्या बेतात आहे. तो झटकन चावी फिरवायचा, दोन मिनिटं थांबायचा आणि पुन्हा चालू करायचा. इंजिन गप्प झालेलं असायचं. मिटलं, असं तो समजायचा. मिटत नव्हतं, चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच, आणि हल्ली तर चढावर गाडीला दमही लागायला लागला होता. पण गप्प बसणं म्हणजे बरं होणं, ही समजूत त्याच्या घरात फार जुनी होती.

त्या दिवशी उरणच्या रस्त्याला, कंटेनरांच्या दोन रांगांमधून जाताना काटा साठावर आला, रिबन थरथरायला लागली, आणि त्याला अर्धा कप आठवला. म्हणजे कुठे पाहिला होता ते आठवलं. जुईनगरची पत्र्याची खोली, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि आई, गिरजाबाई, त्याच्या बापाला अर्धा कप चहा देतेय. बापाचं नाव सदू. जालन्याकडून हातात एक पेटी घेऊन आला आणि ह्या नव्या शहराच्या स्लॅबवर कामाला लागला. पुढे त्याच्याकडे व्हायब्रेटर आला. ओल्या काँक्रीटमध्ये लोखंडी सुई खुपसून धरायची, ती थरथरते आणि आतली हवा बुडबुड्यांनी वर येते. “हवा राहिली की पोकळी राहती,” सदू सांगायचा, “आनि पोकळी वरून दिसत नाय.” सतरा वर्षं त्यानं ती सुई धरली. वाशीत, नेरुळात, सानपाड्यात बसमधून जाताना तो बोट दाखवायचा, ह्याचा तिसरा मजला माझा, त्याची पाण्याची टाकी माझी. ते दाखवणारं बोट हलत असायचं. घरात कोणी काही बोलत नसे. शेजाऱ्यांनी विचारलं तर सदू हसून म्हणायचा, “मशीनचं हाय. दिवसभर मशीन धरतो, ती हातात ऱ्हाती. जाईल.” मशीन सुटून दहा वर्षं झाली तरी ती हातातून गेली नाही. मग तो चारचौघांत हात खिशात ठेवायला शिकला. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरकडे गेला नाही, कुणी नेलंही नाही. गिरजाबाईनं फक्त एक दिवस कप अर्धा भरायला सुरुवात केली, सांडू नये म्हणून. आणि कपडे खराब होईनात तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. सुगतलाही. बापाचा हात पाहायला लागू नये ह्याचं एवढं बरं वाटलं होतं, हे आता आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी ऐंशीवर नेली.

खारघरच्या साइटवर पहिली खेप उतरली. स्टोअरकीपर शिवराम म्हणून एक चष्मेवाला गृहस्थ होता; हिशेबी, पण वाईट माणूस नव्हे. सुगतनं चलनावर सही केली, तशी त्यानं ती उजेडात धरली आणि जुनं, मार्चमधलं पान काढून शेजारी ठेवलं.

“सुगतभाऊ, ही सही तुमचीच ना? मागची बघा, कशी सरळ. ही बघा. ऑडिटवाले मला धरतील.”

मागची सही एका झटक्यात मारलेली होती. आजची वाळवी लागलेल्या लाकडासारखी दिसत होती. सुगत हसला आणि म्हणाला, “अहो, दिवसभर गाडी चालवतो. तिचं व्हायब्रेशन हातात राहतं. जाईल.”

शिवराम ‘हां, तेही खरंच’ म्हणून कामाला लागला. सुगत मात्र तिथेच उभा राहिला. वाक्य त्याचं नव्हतं. वाक्य सदूचं होतं, मशीनच्या जागी गाडी एवढाच फरक, शेवटच्या ‘जाईल’सकट. बापाची बोली सुटली, बापाची खोली सुटली, गाव तर त्यानं धड पाहिलंही नाही, आणि हे वाक्य कुठून जिवंत राहिलं? पोकळी वरून दिसत नाही. वर पंचविसाव्या मजल्यावर कुठेतरी व्हायब्रेटर चालू होता, त्याचा आवाज खालपर्यंत येत होता.

दुसऱ्या खेपेचा माल भरून जासईतून निघतो तोच गाडीनं दम सोडला. पिवळा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी काटा चाळिसावर जाईना. दुष्काळात तेरावा महिना. गोदामवाल्यांनीच सांगितलं, सर्व्हिस सेंटर राहू दे, गोटीरामकडे जा. गोटीराम जासईचाच आगरी, सत्तरीला आलेला. मिठागरं होती तेव्हापासून ट्रकांखाली झोपलेला माणूस. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना लोखंडी पाटा होता आणि त्याच्या शेजारी लॅपटॉपही होता. त्यानं वायर जोडली, स्क्रीनकडे पाहिलं आणि सुगतकडे वळला.

“वास येतं, इंजिन वरती चरतं, तवा तू काय करतंस?”

“बंद करतो.”

“बंद करतंस!” गोटीरामनं कपाळावर हात मारला. “अरे, ती आतली काजली जालत व्हती. या नवीन गाऱ्या आपली काजली आपनच जालतान. वीस मिंटा लागतान तिला. तू मधीच गला दाबतंस. अर्धी जलते, अर्धी ऱ्हाते. र्‍हाऊन र्‍हाऊन कोंडली ना ती!”

सुगतला हे कोणी सांगितलं नव्हतं. की त्या इस्त्रीच्या शर्टानं सांगितलं होतं आणि आपण ‘बरं’ म्हणालो होतो? काजळी लॅपटॉपवरून जाळायला लावून गोटीराम शेडच्या दारात विडी ओढत बसला. मग सुगतनं, जसं काही आत्ताच आठवलं असं दाखवून, थरथरण्याचं सांगितलं. साठ ते पंचाहत्तर. तीनदा बॅलन्सिंग. गोटीराम ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

“कंप कुठं लागतं तुला? हातान का सीटखाली?”

“दोन्हीकडे.”

“दोनीकरं? तसा नाय व्हत. पुरच्या चाकाचा दोष हातान येतं. मागं शाफ्टाचा दोष सीटखाली येतं. गारी खोटा बोलत नाय. सरक, मी चालवतंय.”

काजळी जळून पिवळा दिवा विझल्यावर सुगत डाव्या बाजूला बसला. ह्या गाडीत तो ह्या बाजूला कधी बसलाच नव्हता. उरणच्या रस्त्यावर गोटीरामनं काटा साठावर नेला, आणि सुगतच्या बुडाखाली, पाठीत, दातांतसुद्धा ती थरथर आली. आहे! गाडीतच आहे! त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्यानं म्हणाला, “बघा, बघा, येतंय ना?” गोटीराम मान हलवत होता. त्यानं एक हात स्टेअरिंगवरून काढला, दुसऱ्याची नुसती बोटं टेकवून ठेवली आणि थोडा वेळ तशीच राहू दिली.

“सीटखाली येतं,” तो म्हणाला. “शाफ्ट हाय. हातान काय नाय. स्टेरिंग लोण्यासारका हाय.”

एवढं बोलून त्यानं एकदा सुगतच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायला लागला. ते पाहणं फार तर एका क्षणाचं होतं. सुगतनं हात मिटला.

शाफ्ट खाली उतरवायला तासभर लागला. दोन तुकड्यांचा लांब दांडा, मध्ये बेअरिंग. गोटीरामनं चिंधीनं ग्रीस पुसलं आणि बोटानं दाखवलं: दोन्ही तुकड्यांवर एकेक खूण असते, बसवताना खुणेसमोर खूण यावी लागते. ह्या शाफ्टावर ती एका दात्यानं सरकलेली होती. दीड महिन्यापूर्वी पनवेलकडे एका गॅरेजात क्लचचं काम केलं होतं, तेव्हा शाफ्ट काढला होता. बसवणाऱ्यानं खूण पाहिली नव्हती. एवढीशी गोष्ट. सुगत उकिडवा बसून त्या खुणांकडे पाहत होता आणि त्याला, कसं कोण जाणे, आजोबा आठवले. त्यानं आजोबांना पाहिलेलं नव्हतं. आई हसत हसत सांगायची ती एक गंमत होती, की सासऱ्याला विडी पेटवता यायची नाही, काडी एकीकडे आणि विडी एकीकडे. गल्लीतली पोरं पैज लावायची. लहानपणी सुगत ह्यावर पोट धरून हसला होता. आजोबांच्या गावात तेव्हा वीज नव्हती. पिठाची गिरणीसुद्धा नव्हती. आजोबांनी आयुष्यात मशीन म्हणून कशाला हात लावला नव्हता. मग त्यांच्या हातात कोणतं मशीन राहिलं होतं? नाचता येईना अंगण वाकडं, तसं तीन पिढ्या चाललं होतं की काय? बापानं व्हायब्रेटरला बोल लावला. आपण गाडीला लावला. गाडीत दोष निघाला, हे खरं; पण तो तिचा होता, तिचा तिनं दाखवला.

चार वाजता गोटीराम म्हणाला, “जा, बघ आता.” आणि मग, विडी विझवत, दुसरीकडे पाहून, “माझे भावाला असाच व्हता. गोली घ्यायचा. लई वरसं होरी चालवली त्यानं.” सुगतनं ‘कसलं असं?’ म्हणून विचारलं नाही. ‘बरं’ही म्हणाला नाही. त्यानं गोटीरामच्या काळ्या हाताला हात लावला आणि गाडीत बसला.

रस्त्यावर काटा पन्नासवर आला, साठावर, पासष्टवर. रिबन सरळ लोंबत होती. मागे बॉक्स गप्प. सीट तर घरच्या पलंगासारखी स्थिर. चौदा महिन्यांपूर्वी शोरूममधून बाहेर काढली होती तशी गाडी चालत होती. त्या शांततेत सुगतनं स्टेअरिंगवरची मूठ सैल केली, नुसती बोटं टेकवली, गोटीरामनं टेकवली होती तशी. उजवा हात कापत होता. फार नाही. पाण्यावर वारा यावा इतकाच. इतके दिवस गाडीच्या थरथरण्यात तो कंप मिसळून गेला होता. आता त्याला लपायला जागा राहिली नव्हती. सुगतला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्याला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कापणाऱ्या हातानंही गाडी सरळ चालली होती.

टाइल्स उतरवून तो जुईनगरला सोसायटीत शिरला आणि गाडी भिंतीला लावतोय तोच इंजिन आपोआप चढलं. पंखा घोंघावायला लागला. वास आला. लॅपटॉपनं बरंच जाळलं असलं तरी थोडं उरलं असावं. सवयीनं त्याचा हात चावीकडे गेला आणि तिथेच राहिला. वीस मिनिटं. वॉचमन येऊन बघून गेला. तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. तो काच वर करून आत बसून राहिला, उजवा हात समोर डॅशबोर्डवर ठेवून, आणि त्याच्याकडे पाहत. बापाचा हात त्यानं असा कधी पाहिला नव्हता. कापणारी बोटं, मधलं जरा जास्त, करंगळी जवळजवळ नाहीच. आपण आधी पाहिलं असतं तर बापाला कुठेतरी नेता आलं असतं का? गोळी मिळाली असती का? एक भरलेला कप त्याच्या वाट्याला आला असता का? ह्यातल्या प्रत्येक प्रश्नाला उठून गाडी धुवायला जाणं हे त्याचं उत्तर असायचं. आज तो उठला नाही. मग कधीतरी इंजिन स्वतःहून खाली आलं आणि वास गेला.

वर आला तेव्हा अक्षता कॉलेजातून आलेली होती, चहा उकळत होता. तिनं दोन कप मांडले. एक भरला. दुसरा अर्ध्यावर आणून तिनं पातेलं सरळ केलं.

“भर,” सुगत म्हणाला.

“काय?”

“पूर्ण भर.”

ती पातेलं हातात धरून उभी राहिली. मग तिनं ओतलं, काठापर्यंत. सुगतनं डावा हात मांडीखाली घेतला आणि उजव्या हातानं कप उचलला. चहा बशीत सांडला, मनगटावर सांडला, टेबलावरच्या प्लास्टिकवर ओघळला. चटका बसला. त्यानं कप खाली ठेवला नाही, आणि अक्षतानं फडकं घेतलं नाही. कप ओठाला लागला, तो प्यायला, आणि मग ठेवला.

“गाडी बरी झाली,” तो म्हणाला. “शाफ्ट चुकीचा बसवला होता. गाडीतलं होतं ते सगळं निघालं.”

“हं.”

“आता हे उरलंय. हे माझं आहे.” “तुला कधीपासून माहितेय?”

“बुद्धपौर्णिमेपासून. विहारात मेणबत्ती पेटवत होता तुमी. तीनदा वात चुकली. मग पंख्याचा वारा आहे म्हणून मेणबत्ती शेजारच्याला दिलीत. पंखा बंद होता.”

“बोलली का नाहीस?”

“बोलायला लागले की तुमी गाडी धुवायला जाता.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती रागावलीही होती. “पाच महिने झाले. रोज वाटतं आज बोलू. काल रात्री ठरवलं, बोलायचं नाही, नुसता कप अर्धा ठेवायचा. विचारतील तरी. तेही विचारलं नाहीत.”

सुगतनं सांडलेल्या चहाकडे पाहिलं. आई कप अर्धा भरायची, ते कुणाला काही बोलावं लागू नये म्हणून. आणि ही, त्यानं बोलावं म्हणून.

“लायसन गेलं तर?” त्यानं विचारलं. हा प्रश्न मोठ्यानं विचारता येतो, हे त्याला आत्ता कळत होतं. “गाडी चालवू नका म्हणाले तर मी काय करू, अक्षता? मला दुसरं काय येतं?”

“ते मला माहीत नाही. मी काय डॉक्टर आहे? म्हणाले तर बघू. आणि नाही म्हणाले तर उगाच आत्तापासून कशाला मरायचं? उद्या मी सुट्टी टाकते.”

“मी जाईन की एकटा.”

“एकटे जाल, आनि वाटेतनं गाडी फिरवाल.”

ह्यावर त्याला हसू आलं, कारण ते खरं होतं. कपात दोन घोट उरले होते. त्यानं ते घेतले, त्यातलाही थोडा सांडला, आणि रिकामा कप बशीसकट उजव्या हातानंच तिच्यापुढे धरला. कप बशीवर बारीक वाजत होता.

“अजून आहे?”

अक्षतानं पातेलं उचललं आणि तो धरून असतानाच कप भरला.